काच विकतची, लोखंड घरचं

कोल्हापूरचा ‘स्वदेशी कॅमेरा’ ही मराठी तंत्रेतिहासातली लाडकी कथा आहे. आनंदराव आणि बाबूराव (पुढचे बाबूराव पेंटर) हे मिस्त्री घराण्यातले, नात्याने भाऊ, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना पडद्यावरचं चित्र हलवण्याचा ध्यास लागला. मुंबईहून एक प्रोजेक्टर आणून त्यांनी त्याची रचना समजून घेतली आणि कॅमेरा घडवायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून पुढच्या दोनेक वर्षांत काम तडीस नेलं आणि त्या कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. ही हकिगत आपल्याकडे दोन सुरांत ऐकू येते. एका सुरात ती एकट्या प्रतिभेचा चमत्कार असते. दुसऱ्या सुरात परदेशी यंत्राची नक्कल, आणि भिंग तर बाहेरचंच, मग त्यात स्वदेशी काय, असा सवाल असतो. मला दोन्ही सूर अपुरे वाटतात, कारण दोन्हींत कॅमेरा ही एकसंध वस्तू धरलेली आहे. ती तशी नाही. कॅमेरा म्हणजे एक भिंग आणि त्या भिंगामागचं यंत्र. या दोन भागांचा इतिहास वेगळा, त्यांची कारखानदारी वेगळी, आणि हौशी माणसाचा हात त्यांतल्या एकापर्यंतच पोहोचत होता. तो कुठवर पोहोचला आणि कुठे अडला हे नीट पाहिलं, तर १८८० पासून १९२० पर्यंतच्या मराठी प्रयोगशीलतेचा बराच भाग उलगडतो. आणि या यंत्राच्या बाजूची शाळा शोधायला गेलं, की वाट सायकलच्या दुकानावरून जाते.

आधी यंत्राकडे पाहू. मूकपटाच्या काळात ३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असत आणि एका चित्रामागे चार भोकं पुढे सरकत. फूटभर फिल्ममध्ये सोळा चित्रं बसत, आणि सेकंदाला सोळा चित्रं हा तेव्हाचा सर्वसाधारण वेग. म्हणजे सेकंदाला एक फूट. कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की आठ चित्रं टिपली जायची, आणि चालवणारा ते सेकंदाला दोनदा फिरवायचा. आठ चित्रं म्हणजे बत्तीस भोकं. फिल्म ओढणाऱ्या चाकाला सोळा दाते असतील, तर हँडलच्या एका फेऱ्यात त्या चाकाचे दोन फेरे झाले पाहिजेत. हा हिशेब ज्याने सायकलची चेन उतरवून पुन्हा चढवली आहे त्याला नवा नाही. पुढच्या चाकाचे दाते भागिले मागच्या चाकाचे दाते, एवढंच. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यात सायकलचे सुटे भाग होते असा माझा दावा नाही, आणि त्याची गरजही नाही. दाते, फेरे, साखळी, धुरा, छर्रे यांच्या भाषेत विचार करायची सवय त्या पिढीच्या कारागिरांना लागली होती, एवढंच मला म्हणायचं आहे. अचूकतेचा प्रश्न मात्र खरा होता. मूकपटाचं चित्र फिल्मवर साधारण २४ मिलिमीटर रुंद. ते दहा फुटी पडद्यावर टाकलं की सव्वाशे पटींनी मोठं होतं. फिल्म दर वेळी एक दशांश मिलिमीटरने इकडेतिकडे थांबली, तर पडद्यावरचा राजवाडा सव्वा सेंटिमीटरने थरथरतो. हा दोष मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, तो डोळ्यांना दिसतो. दिसला की यंत्र खोलायचं, दाता कानशीने घासायचा, पुन्हा जोडायचं, पुन्हा पाहायचं. लेथ, शेगडा, कानस आणि चिकाटी असलेल्या माणसाच्या आवाक्यातलं हे काम आहे.

ही चिकाटी आणि ही हत्यारं मराठी मुलखात आली कुठून? गावच्या सुताराकडे आणि लोहाराकडे हात होता, डोळा होता. एकाच मापाचे शंभर तुकडे करण्याची गरज मात्र त्यांना क्वचितच पडे. ती गरज शिकवणारं पहिलं स्वस्त यंत्र म्हणजे सायकल. १८८५ च्या रोव्हर सायकलने आजचा आकार पक्का केला, १८८८ मध्ये डनलॉपची हवेची टायर आली, आणि हान्स रेनॉल्डची रोलर चेन त्याआधीच, १८८० मध्ये, तयार होती. १८८८ हेच साल लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावच्या सायकल दुकानाचंही मानलं जातं. किर्लोस्करांचा प्रवास मला इथे विशेष महत्त्वाचा वाटतो. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते, पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईत सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायच्या आणि त्याने त्या विकायच्या, असा तो व्यवसाय होता. परदेशी सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करावी लागते, कारण कारखाना हजारो मैलांवर असतो. दुरुस्ती म्हणजे खोलणं, आणि खोलणं म्हणजे दुसऱ्याने केलेला विचार उलट दिशेने वाचणं. त्या दुकानातून पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकल विकण्यापासून नांगर घडवण्यापर्यंतची ही पंधरा वर्षं कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती. आणखी एक गोष्ट नजरेत भरते. किर्लोस्कर आणि धुंडिराज गोविंद फाळके हे दोघेही १८८० च्या दशकाच्या मध्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते, आणि बाबूराव पेंटरांचे वडीलही चित्रकला आणि कारागिरी दोन्ही जाणणारे होते. वस्तू घडवण्याआधी ती कागदावर उतरवायची, हा संस्कार या सगळ्यांत समान आहे.

सायकलने आणखी एक गोष्ट दिली, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे ठरलेल्या मापाचे आटे. इंग्लिश सायकलच्या पायडल-धुरीच्या पेल्याचं माप १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असं रुळलं. बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदुका करणाऱ्या कंपनीच्या नावाने ते आजही ओळखलं जातं. उजव्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे पाय मारताना पेला सुटत नाही. माप ठरलं की एका गावातला सुटा भाग दुसऱ्या गावातल्या सायकलला बसतो, आणि मोडकी सायकल भंगार न राहता सुट्या भागांची पेटी होते. भिंगाच्या जगातही नेमकं हेच घडलं होतं. लंडनच्या सूक्ष्मदर्शक मंडळाने १८५८ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांसाठी एकच आटा ठरवून दिला. पुढे जर्मनीच्या लायत्स कंपनीने लायका कॅमेऱ्याला ३९ मिलिमीटर व्यासाचा आटा दिला, तेव्हा व्यास मेट्रिक ठेवला, पण आट्यांची मोजणी मात्र इंचाला २६ अशीच राहिली, कारण सूक्ष्मदर्शक करणाऱ्या त्या कारखान्यात तीच मापं चालत होती. सायकल आणि कॅमेरा या दोन दुनिया एकमेकींना भेटतात त्या इथे, आट्यांच्या पातळीवर. हौशी माणसासाठी भिंग ही गूढ वस्तू होती, पण ज्या नळीत ते बसतं ती नळी त्याच्या ओळखीची होती.

फाळक्यांच्या उदाहरणात ही विभागणी स्वच्छ दिसते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. भिंग आणि यंत्र, दोन्ही तयार. पण कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची, आणि भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई रात्रीच्या अंधारात करत. चित्रपटाच्या इतिहासात हा प्रसंग त्यागाची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि तो त्याग होताच. मला तो तंत्राचाही प्रसंग वाटतो. फुटामागे एका कडेला चौसष्ट भोकं, प्रत्येक ठरलेल्या अंतरावर, तीही डोळ्यांनी न पाहता पाडायची. एक भोक चुकलं की पडद्यावर चित्र उडी मारणार. सरस्वतीबाई हे काम निभावत होत्या, म्हणजे त्या घरात कारखान्याच्या दर्जाची अचूकता नांदत होती. ‘अंकुराची वाढ’ या छोट्या चित्रपटासाठी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची चित्रं एकेक करून टिपली, तेव्हाही नवं होतं ते कॅमेरा चालवण्याच्या पद्धतीत. भिंग तेच होतं. त्यांच्या आधी, १८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाल्यानंतर, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादांनी ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्ती टिपली. त्यांचा फोटोग्राफीच्या सामानाचा व्यवसाय होता, म्हणजे भिंगाशी त्यांची ओळख रोजची होती. तरीही भिंग करून पाहण्याचा विचार यांपैकी कोणी केल्याचं दिसत नाही. त्यात त्यांची उणीव नव्हती.

भिंग हाताने का होत नव्हतं, याचं उत्तर काचेत आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.०००५५ मिलिमीटर. भिंगाचा पृष्ठभाग ठरलेल्या वक्रापासून तिच्या अंशाइतकाही ढळून चालत नाही. फिल्म थांबवण्याच्या यंत्रापेक्षा ही अचूकता शेकडो पटींनी कडक आहे, आणि चूक झाली तर ती कुठल्या पृष्ठभागावर झाली हे पडद्यावर दिसत नाही. चित्र नुसतं मऊ पडतं. त्यातून काच एका जातीची नको, दोन-तीन जातींची हवी, कारण वेगवेगळे रंग वेगवेगळे वाकतात आणि त्यांची तोंडमिळवणी दोन काचांच्या फरकातून करावी लागते. व्हिएन्नात योझेफ पेट्झवालने १८४० मध्ये व्यक्तिचित्रांसाठी वेगवान भिंग रचलं, तेव्हा आकडेमोडीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली माणसं दिली गेली होती. १८८४ मध्ये ऑटो शॉटने एर्न्स्ट आब्बेच्या साथीने येना इथे नव्या काचांचा कारखाना काढला, आणि त्याशिवाय १९०२ चं टेसार भिंग संभवलं नसतं. खुद्द ब्रिटनची अशा काचेची बरीचशी गरज जर्मनी आणि फ्रान्स भागवत असत. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा दुर्बिणींसाठी काच कुठून आणायची हा साम्राज्यापुढचा गंभीर प्रश्न झाला. जे लंडनला जड गेलं ते त्याच वर्षांत रंकाळ्याच्या काठी व्हायला हवं होतं, असं म्हणणं न्यायाचं नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. भिंग बाहेरचं, रचना प्रोजेक्टरवरून उचललेली, मग उरलं काय, तर जुळणी. पण हाच निकष लावला तर इंग्लंडचा चित्रपटही जुळणीच ठरतो. लंडनच्या रॉबर्ट पॉलला १८९४ मध्ये एडिसनच्या किनेटोस्कोपची नक्कल करून द्यायला सांगण्यात आलं. एडिसनने इंग्लंडात त्याचं पेटंट घेतलेलं नव्हतं, म्हणून त्याने ती केली, आणि त्या नकलेतून स्वतःच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला. फाळक्यांनी ज्याचा कॅमेरा घेतला तो जेम्स विल्यमसन मुळात होव्हचा औषधविक्रेता. शेजारच्या ब्राइटनमध्ये आल्फ्रेड डार्लिंग हा यंत्रकारागीर तिथल्या चित्रपटकारांना उपकरणं करून देई. ऑस्कर बार्नाकने लायकाचा पहिला नमुना घडवला तो चित्रपटाची फिल्म वापरून. भिंग करणारे आणि कॅमेरा करणारे हे बहुतेक ठिकाणी वेगळे लोक होते. शिवाय प्रोजेक्टरवरून कॅमेरा समजून घेणं ही उसनवारी नव्हतीच. ल्युमिएरांचं यंत्र एकच होतं, चित्र टिपणारंही आणि दाखवणारंही. दोन्ही कामांत फिल्म क्षणभर थांबवायची, झाकायची, सरकवायची. आनंदराव-बाबूरावांनी प्रोजेक्टर खोलला तेव्हा त्यांच्या हाती अर्धा कॅमेरा आलेलाच होता, आणि तो तसा आहे हे ओळखण्यात त्यांची बुद्धी दिसते.

या विभागणीचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ओहायोतल्या डेटनचे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट १८९२ पासून सायकलींचा धंदा करत होते आणि हौशी छायाचित्रकारही होते. घरामागच्या खोपटात ते आपल्या काचपट्ट्या धूत. १९०१ मध्ये पंखांवरचा हवेचा दाब मोजायला त्यांनी सायकलच्या हँडलवर तिसरं चाक आडवं बसवलं. त्याच वर्षी केलेल्या पवनबोगद्यातला तराजू सायकलच्या तारांचा आणि करवतीच्या पात्यांचा होता. १९०३ च्या विमानात पंखे फिरवायला साखळी आणि दातेरी चाकं होती, आणि इंजिनही त्यांच्याच दुकानात चार्ली टेलरने घडवलं. मात्र १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाचं जे जगप्रसिद्ध छायाचित्र आहे, ते बाजारातून घेतलेल्या कोरोना कॅमेऱ्यातून आलं. इंजिन घरी करणाऱ्या माणसांनी भिंग विकत घेतलं. पैशाची किंवा ज्ञानाची कमतरता हे त्याचं कारण नसून दोन वस्तूंचा स्वभावच वेगळा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हौशी माणसं काच घासू शकतात, आणि तीही तरंगलांबीच्या अंशापर्यंत. दुर्बिणीचे आरसे जगभर घरोघरी घासले गेले आहेत. १८५८ मध्ये फूकोने दाखवलेली कसोटी एवढी साधी आहे की एक बारीक दिवा आणि एक दाढीचं पातं पुरतं. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेनेही दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. मग कोल्हापुरात का नाही? हा आक्षेप मला मान्य करावा लागतो, आणि त्यामुळे माझं म्हणणं थोडं बदलावं लागतं. हात अडला तो घासण्यापाशी नाही. आरशाला एकच पृष्ठभाग असतो, प्रकाश काचेच्या आत शिरतच नाही, त्यामुळे काचेतले बुडबुडे आणि रेषा चालून जातात आणि रंग फुटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. छायाचित्राच्या भिंगाला सहा-सहा, आठ-आठ पृष्ठभाग असतात, त्यांचे मध्य एका रेषेत यावे लागतात, आणि प्रत्येक काचेचा वक्रीभवनांक आधी ठाऊक असावा लागतो. म्हणजे अडसर होता तो काचेच्या भट्टीचा आणि गणिताच्या तक्त्यांचा, दोन्ही संस्थांची कामं. एकटा माणूस कानशीने दाता दुरुस्त करू शकतो, तो भट्टी दुरुस्त करू शकत नाही.

तिसरा आक्षेप परिणामांचा. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यातून कॅमेऱ्यांचा कारखाना निघाला नाही, मग त्या प्रयोगाचं मोल काय? नांगराचा कारखाना निघाला, कॅमेऱ्याचा नाही, हे खरं आहे, आणि कारण वर आलंच आहे: नांगर पूर्ण लोखंडाचा. पण कॅमेऱ्यातून माणसं निघाली. दामले आणि फत्तेलाल बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. १ जून १९२९ रोजी त्यांनी शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ काढली. बोलपट आला तेव्हा दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र ज्या सहजतेने आत्मसात केलं, ती सहजता कोल्हापूरच्या यंत्रशाळेतून आली होती. यंत्र आतून पाहिलेला माणूस नव्या यंत्राला भीत नाही. देशपातळीवरचा क्रमही याला पुष्टी देतो. भारतात सायकलींचं उत्पादन १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि मुंबईची हिंद सायकल त्यात अग्रभागी होती. भिंगाची काच मात्र कलकत्त्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास होऊ लागली. लोखंड आणि काच यांच्यात वीस वर्षांचं अंतर पडलं, आणि काचेसाठी सरकारी संशोधनसंस्था उभारावी लागली.

आजचे हौशी लोकही याच रेषेवर उभे आहेत, आणि म्हणून त्यांच्याकडे चाळा म्हणून पाहणं मला पटत नाही. रशियन हेलिऑस-४४ हे ५८ मिलिमीटरचं भिंग, येनाच्या बायोटारवरून बेतलेलं, जुन्या बाजारात मिळतं. त्याचा आटा ४२ मिलिमीटरचा, आणि त्याला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. आरसा नसलेल्या आजच्या सोनी कॅमेऱ्यात ते अंतर १८ मिलिमीटर आहे. मधल्या साडेसत्तावीस मिलिमीटरच्या जागेत काय बसवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी लेथवर कडं कातून घेतं. कोणी सायकलची ट्यूब कापून लावतं, कारण ती प्रकाश अडवते आणि वाकतेही, त्यामुळे भिंग तिरकं करून फोकसची पट्टी हवी तिथे नेता येते. हे लोक नवी काच करत नाहीत, आणि त्यांना ती करायचीही नाही. काच आणि फिल्म यांच्यामधली जागा ते आपल्या हाताने भरतात. कोल्हापूरच्या यंत्रशाळेत जे झालं त्यातलं बरंच आपल्याला फक्त आठवणींतून कळतं, कारण कुठला दाता किती घासला, कुठलं कडं दोनदा वाया गेलं, हे कोणी लिहून ठेवलं नाही. चित्रपट जपायला १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय झालं. कानशी, साचे आणि चुकलेली कडी जपायला अजून कोणी पुढे आलेलं नाही. सायकल दुरुस्त करणारे आणि कॅमेरे दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून हयात आहेत. त्यांची मापं, त्यांनी स्वतः केलेली हत्यारं आणि त्या हत्यारांची त्यांनीच ठेवलेली नावं टिपून घ्यायचं काम विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि तंत्रनिकेतनांनी मिळून याच दशकात हाती घ्यायला हवं.